पुसलेली फुली

धुळे,
आश्विन शुद्ध अष्टमी, दुपार

प्रिय वसंता,

आज सकाळी ट्रान्सपोर्टने आलं ते असं: लाकडी खोकं एक. त्यात केळीच्या सुकल्या पानांत गुंडाळलेली फटफटीच्या इंजिनाची जुनी हेडं दोन. व्हॉल्व्ह चार, निराळ्या पुडीत. चिठ्ठी एक. भाडं अडीच रुपये, ते पाठवणाऱ्याने जळगावलाच भरलेलं. हमाली चार आणे, ती मी दिली.

तुला पत्र लिहायचं म्हटलं की हात आपोआप ‘चिरंजीव’ लिहायला जातो. आजही ‘चि’ काढला होता. मग कागदच बदलला. कागद वाया गेला, पण त्या अक्षरावर रेघ मारून पुढे लिहिणं मला जमेना.

तू गेलास त्याला या दसऱ्यानंतर तीन वर्षं होतील. तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज खोकं आलं म्हणून लिहायला बसले. ही कसली बहीण, असं तुला वाटेल. वाटू दे. खोकं आलं नसतं तर मी अजूनही लिहिलं नसतं, हे खरंच आहे.

चिठ्ठी जळगावच्या केसरीमलशेठची आहे. ओळखलंस ना? स्पेअरपार्टवाले, तुझ्या केळीच्या ट्रकचे पाटे त्यांच्याकडूनच यायचे. त्यांच्या मुलाला दसऱ्यानंतरच्या पाव मैलाच्या शर्यतीत उतरायचं आहे. हो, तीच शर्यत. अजून भरते. शेठनी त्यांच्या मराठीत लिहिलंय, “दोन हेड धाडतो. दाजी जे पास करतील तेच लावू. जवाब नाही आला तर पोरगा थांबणार नाही, मोठ्या तोंडाचं लावून निघून जाईल. आमचं ऐकत नाही.”

शेठसुद्धा यांना ‘दाजी’ म्हणतात! तू म्हणायचास म्हणून साऱ्या बाजाराने म्हणायला सुरुवात केली होती. तू गेलास आणि नाव मागे राहिलं.

मी चिठ्ठी वाचून दाखवली. यांनी खोक्याकडे पाहिलं नाही. सायकलच्या चाकात हात होता, तो तसाच ठेवून म्हणाले, “परत धाडी दे.”

“अहो, एकदा नुसतं वाजवून तरी...”

“मन्हा कान गया. मन्हा हात गया. जो माणूस फुली माराले इसरस, त्यानी कोनले काय सांगानं?”

चिडले की यांना घरची अहिराणीच येते, हे तुला ठाऊक आहे. पण चिडलेले नव्हते रे. अगदी हळू बोलले. फुली मारायला विसरणाऱ्या माणसाने कोणाला काय सांगावं, हेच हे तीन वर्षं स्वतःला सांगत आलेत. आणि मी तीन वर्षं ऐकत आले.

वर्कशॉपमध्ये आता फक्त सायकली असतात, वसंता. मालेगावहून, इंदूरहून लोक हेडं दाखवायला यायचे, ते बंद झालं. आले तर हे आत निघून जातात. गिऱ्हाईकाला मीच पाणी देते आणि वाटेला लावते.

तुला आठवतं, तू पहिलं हेड घेऊन आलास तो दिवस? पोत्यात बांधून आणलं होतंस. मी विचारलं, हे काय? तर म्हणालास, “अक्का, इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण. पण हे कंपनीचं नाही, बाहेरचं आहे. कंपनीचं दूधवाल्याला. हे लावलं की गाडी उडते!” यांनी ते उलटं करून पाहिलं, बोल्टाच्या भोकात बोट घातलं आणि पोत्यासकट तुझ्या हातात परत दिलं.

“नकल शे.”

तुझं तोंड केवढंसं झालं होतं! मग यांनी समजावलं. कोणी अस्सल विलायती हेड साच्यात दाबतो आणि त्यावरून दुसरं ओततो. धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल सूतभर लहान निघते. मग बोल्ट बसत नाहीत. मग ती भोकं कानशीने लांबट करतात. वरची ओतीव अक्षरंही तशीच, अस्सलाची धारदार, नकलेची सुजलेली. ते ऐकताना मी पोळी लाटायची थांबले होते. मला वाटलं, ही तर शाळेतल्यासारखी विद्या आहे, कोणीतरी लिहून ठेवायला हवी.

आणि मी लिहायला लागले. यांना अक्षर ओळखता येतं, पण लिहायचं म्हटलं की घाम फुटतो. मी मॅट्रिक. घराचा हिशेब लिहितच होते, त्याच वहीच्या मागच्या बाजूने हेडांची नोंद सुरू केली. इंजिन गार राहावं म्हणून बाहेरून असतात त्या पात्या किती, तळाशी खूण कोणती, व्हॉल्व्हचं तोंड केवढं. शाळेच्या सामानाच्या दुकानातून एक ब्यूरेट, मापाच्या रेघांची काचेची नळी, आणली. व्हॉल्व्ह बसवून हेड उलटं ठेवायचं, वर भोकाची काच ग्रीस लावून चिकटवायची आणि ब्यूरेटने रॉकेल सोडायचं. खळग्यात किती मावलं ते वाचायचं. कमी मावलं तर कोणी तरी हेड फार घासलंय, इंजिन ठोके मारणार. वाचायला मीच लागायचे.

तू मागे उभा राहून चिडवायचास. “अक्का, खालचा वाक वाचायचा की वरचा?”

“खालचा. मॅट्रिकला तू का नापास झालास ते आज कळलं.”

“दाजी, हिला बाहेर पाटी लावून द्या. हेडांची डॉक्टरीण!”

हे गालातल्या गालात हसायचे. तसं हसताना मी त्यांना शेवटचं कधी पाहिलं, ते आठवून पाहते आणि तुझ्याशीच येऊन थांबते.

तुला मी रागावणार आहे, ऐकून घे. शर्यतीचं तू मला खोटं सांगितलंस. “बघायला जातोय” म्हणालास. सावद्याहून केळी भरून आणायची पाळी होती, ती दुसऱ्याला दिलीस, तेही लपवलंस. निघताना फराळाच्या ताटाला हात लावला नाहीस. दाराशी मी ओरडले, “अरे, निदान दूध तरी!” तर फटफटीचा आवाज मोठा करून मला ऐकू येत नाही असं दाखवलंस. सख्ख्या बहिणीशी असं वागायचं असतं?

झालं. रागावून झालं. आता माझं.

त्या वर्षी लिलावातून आणलेली ती दोन हेडं आठवतात? अगदी जुळी. तळाशी माशाची खूण दोन्हीवर, पात्या सारख्या, खळग्यात मावणारं रॉकेलही जवळजवळ सारखं. दोन्ही अस्सल. यांनी रॉकेलमध्ये बुडवली, पुसली, वर खडूची पूड भुरभुरली. भेग असली की रॉकेल तिथून वर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उठते. दोन्हीवर रेघ नाही. तू तर नाचायलाच लागलास.

मग यांनी ती शेगडीवर गरम केली, दोरीला टांगली आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने वाजवली. एक देवळातल्या घंटेसारखं वाजलं. दुसरंही मला तसंच वाजलं. पण हे थांबले, पुन्हा वाजवलं, डोळे मिटून. म्हणाले, “ह्याची कडी ढिली शे.” व्हॉल्व्ह ज्या कडीवर टेकतो ती कडी आत सैल आहे. गार असताना कळत नाही, इंजिन तापलं की सुटेल. ना खडूला दिसली, ना माझ्या ब्यूरेटला. फक्त यांच्या कानाला ऐकू आली.

त्या हेडावर यांनी खडूने फुली मारली. माझ्यासमोर मारली. मी ती पाहिली.

वसंता, यांनी फुली मारली होती.

हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली.

यांनी पूर्वी दोनदा म्हटलं होतं, आकड्यांचे पंच आणू, हेडावर नंबर ठोकू, खडूचा भरवसा नसतो. मीच म्हटलं, खडू घरात पडलेले असताना पंच कशाला? वहीत नोंद आहे ना? नोंद होतीच. “मासा, अकरा पात्या, कडी ढिली, खूण: खडूची फुली.” आणि दुसऱ्याची नोंद: “मासा, अकरा पात्या, उत्तम.” फुली गेली तर कुठलं कोणतं, हे त्या वहीला सांगता येणार नव्हतं. माझं अक्षर तेवढं सुंदर होतं!

मग खंडेनवमी आली. दरवर्षी मी वर्कशॉपमधलं एकूणएक हत्यार धुते, हे तुला माहीत आहे. पाने, हातोड्या, ऐरण, हेडं, बठ्ठं. सोड्याच्या पाण्यात टाकून, चिंचेने घासून. तुला हसू यायचं, “अक्का, इंजिनाला उटणं लावतेस का?” त्या वर्षी ते हेड हातात आलं आणि मला ती फुली दिसली. हे अनवधानाने झालं असतं तर मी तुला असं लिहीत बसले नसते. मला ती दिसली. आणि मनात आलं, देवीपुढे फुली मारलेली वस्तू कशी मांडायची? पूजेच्या दिवशी काट मारलेलं समोर नको. पूजा झाली की परत मारू.

आणि मी ती घासून काढली. चांगली चिंच लावून.

दोन्ही हेडं आरशासारखी झाली. दोन्हीला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. तू स्वतः येऊन हात जोडलेस. कोणतं कोणतं, हे तेव्हा मला ठाऊक होतं का? होतं बहुतेक. संध्याकाळी आरतीला बायका आल्या, मग एकवीरेला ओटी भरायला गेलो, दुसऱ्या दिवशी सोनं वाटायला लोक. मांडामांड आवरताना एक हेड फळीवर ठेवलं, एक खालच्या पेटीत. खडू हातात घेतलाच नाही. विसरले ते मी विसरले, वसंता. हे नाही.

शर्यतीच्या पहाटे हे फळीशी गेले. फळीवर एक हेड, त्यावर फुली नाही. यांना वाटलं, फुलीचं पेटीत आहे. एकदा वाजवून पारखलेलं पुन्हा कशाला वाजवायचं? तू तर घाई लावली होतीस, “दाजी, आता काय हेडाशी लग्न लावताय?” मी चुलीपाशी होते. तिथून सगळं ऐकू येत होतं. तुझं खोटं मला तेव्हाच कळायला हवं होतं, नाही का? बघायला जाणारा माणूस हेड कशाला बदलतो? पण मला वाटलं, बसवून बघतोय.

पारोळ्याच्या बाजूच्या त्या नव्या सडकेवर, अजून वाहतूक सुरू न झालेल्या, काय झालं ते मला यांनीच सांगितलं. एकदाच सांगितलं. हे पाव मैलाच्या टोकाला उभे होते. तू सगळ्यांच्या पुढे होतास. शंभर पावलं राहिली असतील आणि तुझा आवाज एकदम बंद पडला. मागचं चाक जागच्या जागी धरलं, फिरायचंच थांबलं. पुढचं यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी हे चालत घरी आले. आठ दिवसांनी त्यांनी तुझं इंजिन उघडलं. कडी सुटून खाली आली होती, व्हॉल्व्ह मोडून पिस्टनमध्ये रुतला होता. मग हे पेटीशी गेले, दुसरं हेड काढलं, वाजवलं. घंटेसारखं वाजलं. त्यावरही फुली नाही. दोन्ही हेडं मांडीवर घेऊन जमिनीवर बसले आणि म्हणाले, “मी फुली मारीच नही.”

मी दारात उभी होते. चार पावलांवर! त्या वेळी तोंड उघडलं असतं तर? काय झालं असतं? मारलं असतं? यांनी कधी हात उगारला नाही. टाकलं असतं? मला भीती तरी कसली होती? कदाचित एवढंच, की माझा हात देवाच्या कामात होता आणि त्या हाताने असं व्हावं, हे मला सोसणारं नव्हतं. म्हणून यांच्या हाताने झालं असं होऊ दिलं.

तुझ्या तेराव्याला पारोळ्याला गेलो. यांनी आईच्या पायाशी बसून सांगितलं, “मन्हाच हातनी चूक शे.” आई उठून आत गेली. तेव्हापासून ती यांच्याशी एक शब्द बोललेली नाही. गेल्या भाऊबीजेला मी गेले तर म्हणाली, “तू ये. त्याला उंबऱ्याच्या आत आणू नको.” हे बाहेर लिंबाखाली बसले दोन तास. तिने मला खीर वाढली. मी खाल्ली. हेही तुला सांगायलाच हवं. मी ती खीर खाल्ली.

आज हे जेवून जरा पडले तेव्हा मी खोकं उघडलं. तीन वर्षांनी वही उलटी धरली. एका हेडाची भोकं लांबट, अक्षरं सुजकी, नक्कल. तोंड मात्र मोठं, तेच त्या मुलाच्या डोळ्यांत भरलं असणार. दुसरं अस्सल, एक पाती तुटून सांधलेली. तळ सपाट आहे ना हे बघायला दोन्ही काचेवर पालथी ठेवून कडेने कागदाची पट्टी सारून पाहिली, आत गेली नाही. ब्यूरेटने मोजली. रॉकेल, खडूची पूड, सगळं केलं. रेघ कुठेच नाही.

मग मी ती शेगडीवर गरम केली, दोरीला टांगली आणि वाजवली. वसंता, मला दोन्ही सारखीच वाजतात. डोळे मिटले तरी सारखीच. रेघ उठली असती तर किती बरं झालं असतं! मीच लिहून टाकलं असतं, हे लावू नका. पण जे मला दिसतं तेवढं तुझ्याही हेडात ठीकच होतं. जे दिसत नाही ते ऐकणारा एकच माणूस या गावात आहे आणि तो आत भिंतीकडे तोंड करून पडलाय.

मी तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा आतून आवाज आला, “बंद कर वं.” एवढंच. पण ऐकत होते! झोपलेले नव्हते. कान गेलेला माणूस असा ऐकतो का?

खोकं परत पाठवलं, तर तो मुलगा मोठ्या तोंडाचं लावून जाणार. त्याला मी पाहिलेलंही नाही. त्यालाही कोणी बहीण असेल, ती दाराशी दूध घेऊन उभी राहील.

उद्या खंडेनवमी. गेली दोन वर्षं मी हत्यारं नुसत्या कोरड्या फडक्याने पुसते. देवीचे नऊ दिवस कडक उपास करते आणि तिच्या डोळ्याला डोळा देत नाही. तिला काय कळत नसेल? तिच्यासाठीच पुसली होती ना मी ती फुली! तिने कुठे मागितलं होतं?

तर आता तुला शब्द देते. उद्या सकाळी घटाला माळ चढवायच्या आधी मी यांना समोर बसवीन आणि सांगीन, फुली तुम्ही मारली होती, मी पुसली. वही दाखवीन, त्यात लिहिलेलं आहे, तुमच्यासमोर लिहिलं होतं. पुढे हे माझ्याशी बोलतील की नाही, हेडं हातात घेतील की नाही, मला ठाऊक नाही. घेतील, असं मन म्हणतं. मग दसरा झाला की पारोळ्याला जाईन आणि आईलाही तेच सांगेन, उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून. पहिल्यांदा यांना, मग आईला. यात बदल करणार नाही.

शेवटचं एक. ते चाक धरलं त्या क्षणी तुझ्या मनात कोणाचं नाव आलं? दाजींचं आलं असेल तर काढून टाक, बाळा. माझं घाल. ती चूक त्यांची नव्हती आणि तुलाही ते कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून आज सांगते आहे.

घातलंस की उलट टपाली कळव. तुझं उत्तर आलं नाही तरी उद्या मी बोलणारच आहे. पण कळव.

तुझी,
अक्का